मुठीतला खेळ टीव्हीच्या पडद्यावर

गेमबॉयची सगळी गंमत एकाच गोष्टीत होती. त्याला टीव्ही लागत नव्हता. बाबांना बातम्या बघायच्यात, आईची मालिका सुरू व्हायचीय, आजोबांना क्रिकेटचा स्कोअर हवाय, तरी कुणाचंच काही अडत नव्हतं. मूल आपलं खिडकीपाशी किंवा गाडीच्या मागच्या सीटवर चार पेन्सिल सेलच्या जोरावर खेळत बसायचं. (पांघरुणाखाली मात्र नाही, कारण त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेडच नव्हता.) १९८९ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने हा करडा डबा बाजारात आणला आणि व्हिडिओ गेमला टीव्हीच्या दाव्यातून सोडवलं. मग पाचच वर्षांत त्याच कंपनीने आणखी एक यंत्र विकायला काढलं. त्याचं काम काय? तर हाच सुटा झालेला खेळ पुन्हा टीव्हीला नेऊन बांधणं!

वरवर पाहता हा उलटा कारभार वाटेल. पण तो चालला. इतका चालला, की पुढची तीसेक वर्षं कुठली ना कुठली कंपनी याच खटाटोपात गुंतलेली दिसते. हातातला खेळ भिंतीजवळच्या पडद्यावर न्यायचा, आणि जमलं तर तिथला पुन्हा हातात आणायचा.

ही ओढाताण समजून घ्यायची तर आधी गेमबॉय मुळात एवढा साधा का होता, हे बघायला हवं. त्यामागे होते गुनपेई योकोई. निन्टेंडो ही क्योटो शहरातली १८८९ सालची कंपनी, सुरुवातीला पत्ते छापणारी. योकोई १९६५ साली तिथे लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. रिकाम्या वेळात त्यांनी गमतीखातर एक लांबवता येणारा लाकडी हात केला, तो साहेबांच्या नजरेस पडला आणि त्याचंच खेळणं होऊन १९६६ साली धडाक्यात विकलं गेलं. योकोईंचा पुढे एक आवडता सिद्धांत झाला. तंत्रज्ञान नवंकोरं नको, लोणच्यासारखं मुरलेलं हवं. जे स्वस्त झालंय, ज्याच्या खोडी सगळ्यांना कळल्यात, तेच वेगळ्या कामाला जुंपायचं. आगगाडीत एक कंटाळलेला प्रवासी कॅलक्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हे खिशातलं खेळणं निघालं, ही हकिगत तर या धंद्यात सर्वांना पाठ आहे.

गेमबॉय हा त्याच विचाराचा. पडदा अडीच इंचांच्या आसपास. त्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके. रंग म्हणाल तर एकच, शेवाळी हिरवा, त्याच्या फिक्या-गडद अशा चार छटा. त्याच सुमारास अटारी आणि सेगा या कंपन्यांनी रंगीत, आतून उजळणारे पडदे असलेली यंत्रं काढली. दिसायला देखणी! पण सहा सेल घालायचे आणि तीन-पाच तासांत संपवायचे. गेमबॉय चार सेलवर पंधरा तास सहज रेटायचा. आईबापांच्या खिशाने निकाल दिला. गेमबॉय आणि त्याचा धाकटा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांवर संच जगभर खपले.

मात्र या बचतीची किंमत मुलांचे डोळे आणि माना मोजत होत्या. उन्हात धरावं तर चकाकी, सावलीत धरावं तर अंधार. त्यातून चेंडू किंवा शत्रू वेगाने सरकला की मागे धुरकट शेपूट राहायचं. बरं, खेळ उत्तम असून तो फक्त एकालाच दिसायचा. मूल ‘जिंकलो!’ म्हणून ओरडायचं आणि घरच्यांना कळायचंच नाही, काय जिंकलं ते.

आत खराखुरा गेमबॉय

१९९४ साली ‘सुपर गेमबॉय’ आला तो या दुखण्यावर. त्या वेळी निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं यंत्र होतं सुपर निन्टेंडो. आपल्याकडची मुलं जिला ‘कॅसेट’ म्हणत, तशीच त्याचीही खेळाची कॅसेट वरच्या खाचेत खोचायची असे. सुपर गेमबॉय हीसुद्धा दिसायला तशीच एक जाडजूड कॅसेट, फक्त तिच्या डोक्यावर आणखी एक खाच. त्या खाचेत गेमबॉयची छोटी कॅसेट बसवायची, बटण दाबायचं, की टीव्हीवर खेळ हजर. अमेरिकेत किंमत साठ डॉलरच्या घरात. आता अख्खा गेमबॉयच सुरुवातीला नव्वद डॉलरला मिळत होता, हे ध्यानात घेतलं तर ही किंमत काही थोडी नव्हे.

ती तशी असण्याला कारणही होतं. अनेकांची समजूत अशी, की मोठं यंत्र छोट्याचे खेळ सहज चालवत असेल. तसं नव्हतं. दोघांचे प्रोसेसर वेगळ्या घराण्याचे, एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. म्हणून निन्टेंडोने सरळ त्या जाड कॅसेटच्या पोटात गेमबॉयचाच प्रोसेसर बसवला. खेळ चालायचा तो तिथे. सुपर निन्टेंडोकडे काम दुभाष्याचं. आतल्या गेमबॉयने काढलेलं चित्र उचलून टीव्हीवर मांडायचं आणि खेळाडूने दाबलेली बटणं आत कळवायची, बस्स.

चार हिरव्या छटांच्या जागी आता चार रंग देता येत. त्यासाठी तयार ३२ रंगसंच होते, शिवाय स्वतःचा संच जुळवायची सोय होती. पडद्याचा प्रश्न मात्र अवघड होता. सुपर निन्टेंडोचं चित्र २५६ गुणिले २२४ ठिपक्यांचं, गेमबॉयचं १६० गुणिले १४४. म्हणजे हिशेब केला तर पडद्याचा जेमतेम चाळीस टक्के भाग खेळाने भरतो, बाकी सगळं रिकामं. मग त्या रिकाम्या जागेला चौकट आली. साधी गेमबॉयच्या डब्यासारखी, सिनेमागृहाच्या पडद्यासारखी, मांजरांची. काही चौकटींत तर तुम्ही बराच वेळ बटणाला हात लावला नाही, की आपोआप हालचाल सुरू होई. दिवाणखान्यातल्या रिकाम्या भिंतीवर फोटो लावावा तसाच हा प्रकार, पण लोकांना या चौकटी भलत्याच आवडल्या.

१९९४ नंतरचे कितीतरी खेळ सुपर गेमबॉय डोळ्यांपुढे ठेवूनच रचले गेले. पहिला मान ‘डाँकी काँग’चा. गेमबॉयवर तो चार छटांचा; टीव्हीवर आला की जुन्या आर्केड यंत्राची चौकट घेऊन रंगीत व्हायचा. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने तर कमाल केली. त्या एवढ्याशा कॅसेटमधून सुपर निन्टेंडोच्या स्मरणात वेगळाच, पूर्ण पडद्याचा खेळ उतरवला जाई. आणि ‘वॉरिओ ब्लास्ट’ हा खेळ, योग्य जोडणी असेल तर, चार जण एकाच टीव्हीसमोर बसून खेळू शकत. एकट्याच्या मुठीतल्या खेळात चार जण!

सगळ्यात सुंदर उदाहरण मात्र पोकेमॉनचं. १९९६ साली जपानात हा खेळ निघाला तो गेमबॉयसाठी. त्यातल्या अनेक गावांना रंगांची नावं आहेत. कुठे हिरवं गाव, कुठे आकाशी, कुठे जांभळट. लाखो मुलांनी ती सगळी गावं एकाच शेवाळी रंगात पाहिली आणि नावांचा अर्थ मनातच ठेवला. हीच कॅसेट सुपर गेमबॉयमध्ये घातली, की गाव बदलताच अख्ख्या पडद्यावर त्या त्या नावाचा रंग चढायचा. म्हणजे रंग कॅसेटमध्ये पहिल्यापासून होतेच. ते दाखवायला जागा नव्हती.

एक खोड मात्र राहिली. सुपर गेमबॉयला वेळेचे ठोके मिळत ते सुपर निन्टेंडोच्या घड्याळावरून, आणि ते नेमके जुळत नव्हते. अमेरिकी आणि जपानी यंत्रांवर खेळ मूळ गेमबॉयपेक्षा २.४ टक्के जलद चाले. तासाभराच्या खेळात दीड मिनिटाला काही सेकंद कमी, एवढाच फरक. पण संगीताचा कान असणाऱ्याला तो लगेच कळे, कारण सूरही चढत. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या निम्म्याहून किंचित कमी. आज घड्याळ लावून खेळ संपवायच्या स्पर्धा होतात, तिथे हे दोन टक्के म्हणजे चेष्टा नव्हे. कोणत्या यंत्रावर खेळलात हे सांगावंच लागतं. १९९८ साली फक्त जपानात निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत ही चूक सुधारली आणि दोन गेमबॉय तारेने जोडायची राहून गेलेली सोयही दिली.

कोण बघतंय?

तांत्रिक करामत बाजूला ठेवली तरी या यंत्राने घरात एक बदल केला, आणि तोच खरा महत्त्वाचा. गेमबॉय खेळणारं मूल म्हणजे वाकलेली मान आणि हलणारे दोन अंगठे. समोरच्याला काही दिसत नाही. आईला कळत नाही, तो मारामारी खेळतोय की कोडी सोडवतोय. धाकटी बहीण खांद्यावरून डोकावते, तर तिच्या सावलीने पडदा आणखी काळवंडतो आणि भांडण जुंपतं. तोच खेळ टीव्हीवर आला, की बघणारे तयार होतात. ‘अरे, डावीकडे शिडी आहे बघ’ असं सांगणारी आजी तयार होते. टेट्रिससारखा खेळ तर बघणाऱ्यालाही स्वस्थ बसू देत नाही. ठोकळा कुठे बसवायचा, हे लांबून बघणाऱ्याला नेहमी आधी कळतं!

शिवाय डोळ्यांचं काय? चाळिशी ओलांडलेल्या माणसाला अडीच इंची पडद्यावरचे ठिपके वाचायला लावणं हा अन्यायच. त्याला मुलाबरोबर खेळायचं असेल, तर टीव्हीशिवाय गत्यंतर नव्हतं.

अर्थात याची दुसरी बाजूही होती. ज्या घरात एकच टीव्ही, तिथे गेमबॉय घेतला होता तो भांडण टाळायला. सुपर गेमबॉयने ते भांडण साठ डॉलर मोजून परत विकत आणलं, असं म्हणायला हरकत नाही.

मधल्या काळात आणखी काही प्रयोग झाले. निन्टेंडो ६४ या पुढच्या यंत्राच्या हातातल्या कंट्रोलरला मागून एक छोटी डबी जोडता येई, तिच्यात पोकेमॉनची कॅसेट बसवून ‘पोकेमॉन स्टेडियम’ या खेळातून ती टीव्हीवर खेळता यायची. पुढे गेल्यावर दुप्पट-तिप्पट वेगानेसुद्धा. ‘वाइड बॉय’ नावाचं यंत्र होतं ते दुकानात विकायला नव्हतंच. ते खेळ बनवणाऱ्यांसाठी आणि मासिकवाल्यांसाठी. एवढ्याशा अंधाऱ्या पडद्याचे स्वच्छ फोटो मासिकात छापायचे तर ते टीव्हीवर आणण्यावाचून इलाज नव्हता.

२००१ साली गेमबॉय अॅडव्हान्स आला. रंगीत, वेगवान, पण अजून बिनउजेडाचा! ‘कॅसलव्हेनिया’सारखा काळोख्या वाड्यात घडणारा खेळ त्यावर खेळताना लोक दिव्याखाली तो डबा वेगवेगळ्या कोनांत फिरवून बघत. म्हणून २००३ साली ‘गेमबॉय प्लेअर’ आला तेव्हा त्याचं स्वागत झालं. हा चपटा तुकडा गेमक्यूब या चौकोनी यंत्राच्या बुडाशी बसतो. अमेरिकेत किंमत पन्नास डॉलर. यातही तीच युक्ती, पोटात खरंखुरं गेमबॉय अॅडव्हान्सचं यंत्र. १९८९ पासूनच्या जवळजवळ सगळ्या कॅसेट यात चालतात.

‘जवळजवळ’ म्हणायचं कारण गमतीचं आहे. काही कॅसेटमध्येच भलतेसलते कान-डोळे बसवलेले होते. ‘कर्बी टिल्ट अँड टंबल’ हा खेळ यंत्र तिरकं करून खेळायचा. गेमबॉय प्लेअरवर त्यासाठी अख्खा गेमक्यूब तारांसकट उचलून कलता करायचा! ‘बोकताई’ या पिशाच्च मारण्याच्या खेळात तर कॅसेटला ऊन मोजणारा डोळा होता. उन्हात जाऊन खेळलात तरच शस्त्रात बळ येणार. दिवाणखान्यातल्या टीव्हीसमोर बसून तो खेळायचा म्हणजे टीव्हीच अंगणात नेणं आलं.

या यंत्राचा खरा घोटाळा वेगळाच. ते सुरू होण्यासाठी सोबतची एक छोटी डिस्क गेमक्यूबमध्ये घालावीच लागते. डिस्क हरवली की बुडाशी जोडलेला तुकडा शोभेचा. घरोघर काय हरवलं असेल ते सांगायला नको. त्यामुळे जुन्या बाजारात डिस्कसह संचाला वेगळा भाव आणि नुसत्या तुकड्याला वेगळा. पुढे हौशी प्रोग्रामर मंडळींनी डिस्कची गरजच राहणार नाही असा स्वतःचा प्रोग्राम लिहिला, आणि चित्राची सफाई कंपनीच्या डिस्कपेक्षा त्यात जास्त आहे.

दुबई-अमेरिकेच्या बॅगेतून

आपल्याकडे या सगळ्याचा किती लोकांना पत्ता होता? १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांच्या हातातला ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे जत्रेत, फुटपाथवर मिळणारा ब्रिक गेम. त्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं आणि प्रत्यक्षात तेच पाच-सात खेळ. त्याचा पडदा म्हणजे दहा गुणिले वीस ठोकळ्यांची छापील चौकट. त्याला कॅसेट नाही, मग टीव्हीवर येणार कुठून? टीव्हीवर खेळायचं ते चिनी बनावटीच्या यंत्रावर. पिवळी कॅसेट, बदकं मारायची बंदूक, काँट्रा आणि मारिओ. अँटेनाची वायर काढून गेमची लावायची आणि खेळ संपला की परत लावायला विसरायचं.

अस्सल गेमबॉय यायचा तो परदेशातून परतणाऱ्या काका-मामाच्या बॅगेतून. कुणी अमेरिकेहून सुपर निन्टेंडो आणि सुपर गेमबॉयसुद्धा आणलाच, तर इथे दोन अडचणी दारातच उभ्या. पहिली विजेची. तिकडचा अॅडॅप्टर ११० ते १२० व्होल्टचा, आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. मध्ये ट्रान्सफॉर्मर न लावता खोचला की धूर. दुसरी अडचण टीव्हीची. आपल्याकडे पाल पद्धत, तिकडे एनटीएससी. मल्टीसिस्टिम टीव्ही असेल तर ठीक, नाहीतर नुसत्या पालच्या टीव्हीवर चित्र यायचं ते कृष्णधवल! ज्या यंत्राने हिरव्या पडद्याला रंग दिले, ते समुद्र ओलांडताना रंग तिकडेच ठेवून आलं. त्यामुळे २००३ च्या सुमारास पोकेमॉनची कार्टून आपल्या टीव्हीवर दिसू लागली, तेव्हा तो खेळ शोधणारी इथली पुष्कळ मुलं सायबर कॅफेच्या संगणकाकडे वळली. तिथे गेमबॉयची नक्कल करणारा प्रोग्राम चकटफू मिळत होता. मोठ्या पडद्यावर हातातला खेळ, फक्त वाट वेगळी. आणि कायद्याच्या दृष्टीने आडवाट.

उलट्या दिशेचे प्रयत्नही झाले. सेगाने १९९५ साली ‘नोमॅड’ काढला, त्यात टीव्हीच्या यंत्राचेच खेळ हातात धरून खेळता येत आणि तो टीव्हीलाही जोडता येई. सेल मात्र बकाबका खायचा. सोनीच्या पीएसपीला २००७ पासून टीव्हीची वायर मिळाली. आणि ३ मार्च २०१७ रोजी निन्टेंडोच्याच ‘स्विच’ने हा वाद मिटवला. एकच यंत्र, हातात धरलं तर हातातलं, खोबणीत ठेवलं की टीव्हीचं. ते विकलं गेलं पंधरा कोटींच्या वर. योकोई हे बघायला नव्हते. १९९६ साली त्यांनी निन्टेंडो सोडली आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

आता प्रश्न उरतो तो कपाटातल्या जुन्या कॅसेटींचा. इथेही, परदेशातल्या मराठी घरांतही, नव्वदीतली मुलं आता स्वतः आईबाप झालीत आणि त्यांना आपला पोकेमॉन मुलांना दाखवायचाय. घाई करण्यासारखं एक कारण आहे. या कॅसेटींपैकी अनेकांच्या पोटात बटणाएवढा सेल असतो. तुम्ही १९९९ साली कुठपर्यंत पोहोचलात, कुणाला काय नाव दिलंत, हे सगळं तो सेल जागा आहे तोवरच शाबूत. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये त्याच सेलवर घड्याळही चालतं, म्हणून त्यांचे सेल लवकर आटोपतात. सेल मेला की खेळ नव्याने खेळता येतो, पण जुना डाव गेला तो गेलाच. नवा सेल टाकायला जुना उपटला, तरी तेच. त्यामुळे आधी कॅसेट वाचणारी डबी संगणकाला जोडून डाव उतरवून घ्यायचा, मग सेल बदलायचा आणि मग तो डाव परत कॅसेटमध्ये चढवायचा, हाच क्रम.

नव्या टीव्हीवर जुनं यंत्र लावताना निराशा होऊ नये म्हणून एवढं लक्षात असू द्या. बऱ्याच नव्या संचांना ती जुनी पिवळी पिन घ्यायला जागाच नसते, मध्ये कन्व्हर्टर लागतो. टीव्ही चित्र चकचकीत करायच्या नादात क्षणभर उशिरा दाखवतो. बटण दाबलं आणि उडी नंतर पडली, असं होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो लावला की हा उशीर बराच कमी होतो. आणि चित्र ठोकळेबाज दिसेल, त्याला इलाज नाही. पन्नास इंची पडद्याची उंची भरून गेमबॉयचं चित्र ताणलं, तर मुठीत पाव-अर्धा मिलिमीटरचा असलेला एकेक ठिपका चार मिलिमीटरांहून मोठा होतो. साबुदाण्याएवढा. सोफ्यावर बसलेल्या आजीलाही चष्म्याशिवाय दिसेल.